सबबँड इको कॅन्सलर १२ डेसिबलवरच का अडकतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजुतीत काही कमी असेल तर ते लगेच लक्षात येईल. पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून तुम्ही हाउसिंग सोसायटीच्या कार्यालयात टेबलावर ठेवता येईल असे हँड्सफ्री कॉन्फरन्स युनिट बनवत आहात. स्पीकरचा आवाज खोलीत फिरून माइकमध्ये परत येतो, तो प्रतिध्वनी काढणारा इको कॅन्सलर त्यात हवा आहे. सॅम्पलिंग १६ किलोहर्ट्झ आहे आणि बोर्डावर १६८ मेगाहर्ट्झचा कॉर्टेक्स-एम४ प्रोसेसर आहे. ४०९६ टॅपचा (टॅप म्हणजे फिल्टरचा एक गुणांक) साधा एनएलएमएस फिल्टर, म्हणजे चूक पाहून स्वतःचे गुणांक सुधारत शिकणारा फिल्टर, मॅटलॅबमध्ये व्हाइट नॉइजवर (सर्व वारंवारतांवर सारखी ऊर्जा असलेल्या गोंगाटावर) उत्तम चालला, बोलण्याच्या आवाजावर मात्र फार हळू शिकला आणि बोर्डावर तो मावलाच नाही. म्हणून तुम्ही सबबँड पद्धतीकडे वळलात: आवाज वारंवारतेच्या ६४ पट्ट्यांत (बँडमध्ये) विभागणारी डीएफटीवर आधारलेली फिल्टर बँक, प्रत्येक बँडमध्ये ६४ ने डेसिमेशन, म्हणजे ६४ पैकी एकच सॅम्पल ठेवणे, आणि प्रत्येक बँडला स्वतंत्र ६४ टॅपचा एनएलएमएस. आता गणन मावते, सुरुवातीला प्रतिध्वनी झपाट्याने कमीही होतो, पण ईआरएलई, म्हणजे प्रतिध्वनी किती डेसिबलने उतरला याचे माप, १२ च्या आसपास येऊन थांबते. तुमचे गाईड म्हणतात १२८ बँड करून पाहा, तुमचा मित्र म्हणतो आरएलएस (लवकर शिकणारा, पण गणनाला जड अल्गोरिदम) वापर, आणि यातले काय करावे असे तुम्ही विचारले आहे.

माझे मत असे की सध्या यातले काहीच करू नये. तुमची अडचण शिकण्याच्या अल्गोरिदममध्ये नाही, ती फिल्टर बँकेत आहे, आणि तिचे मूळ ६४ बँडला ६४ नेच डेसिमेशन करण्यात आहे. हे मी तुमचा कोड न पाहता म्हणतो आहे, त्यामुळे खाली काही चाचण्याही सांगतो, ज्यांनी हे निदान बरोबर की चूक ते तुमचे तुम्हालाच ठरवता येईल. पण त्याआधी सबबँड पद्धत नेमका कोणता फायदा देते हे स्पष्ट व्हायला हवे, कारण तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे, “फिल्टर लहान झाले म्हणून ते लवकर शिकतात”, आणि हा समज मला नव्याने या विषयात आलेल्या जवळजवळ प्रत्येकात आढळतो.

आकड्यांनी पाहू. इनपुट व्हाइट असेल आणि स्टेप-साइज, म्हणजे एका वेळच्या सुधारणेचे प्रमाण, १ असेल, तर एनएलएमएसची चूक १० डेसिबलने उतरायला टॅपसंख्येच्या साधारण २.३ पट सॅम्पल लागतात. ४०९६ टॅपसाठी हे सुमारे ९४०० सॅम्पल होतात, म्हणजे १६ किलोहर्ट्झला ०.५९ सेकंद. आता ३२ ने डेसिमेशन केले असे धरू. प्रत्येक बँडमध्ये १२८ टॅप राहतात, पण सॅम्पलही सेकंदाला फक्त ५०० येतात. २.३ गुणिले १२८ भागिले ५०० केले तर उत्तर पुन्हा ०.५९ सेकंदच येते. फिल्टर जितका लहान झाला तितक्याच प्रमाणात त्याला शिकण्याच्या संधीही कमी झाल्या. व्हाइट नॉइजवर सबबँड फिल्टर साध्या फिल्टरपेक्षा वेगाने शिकत नाही आणि शिकण्याचे कारणही नाही.

फायदा होतो तो बोलण्याच्या आवाजावर. बर्नार्ड विड्रो आणि टेड हॉफ यांनी १९६० मध्ये एलएमएस (एनएलएमएसचे मूळ रूप) मांडला तेव्हापासून हे माहीत आहे की या कुटुंबातल्या अल्गोरिदमचा वेग इनपुटच्या सहसंबंध-मॅट्रिक्सच्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आयगेनमूल्यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो, आणि हे गुणोत्तर जास्तीत जास्त वर्णपटाच्या (कोणत्या वारंवारतेवर किती ऊर्जा आहे त्याच्या) शिखर-दरीतल्या फरकाइतके वाढू शकते. माणसाच्या आवाजात काही शे हर्ट्झजवळची ऊर्जा आणि ६ किलोहर्ट्झजवळची ऊर्जा यांत ३० ते ४० डेसिबलचा फरक सहज असतो. ४० डेसिबल म्हणजे दहा हजार पट. सलग फिल्टरला या साऱ्या वर्णपटासाठी एकच स्टेप-साइज वापरावा लागतो आणि तो बलवान भागाकडे पाहून ठरतो, त्यामुळे दुर्बळ भाग कित्येक सेकंद जवळजवळ जागच्या जागी राहतो. २५० हर्ट्झ रुंदीच्या एका बँडच्या आत मात्र वर्णपट बराच सपाट असतो, आणि प्रत्येक बँड स्वतःच्या ऊर्जेने स्वतःचा स्टेप-साइज नॉर्मलाइज करतो. सबबँड पद्धतीचा शिकण्याच्या वेगातला सगळा फायदा एवढ्यातच आहे. दुसरा फायदा गणनाचा, त्याकडे पुढे येतो.

आता तुमच्या १२ डेसिबलकडे. कोणताही प्रत्यक्षातला फिल्टर बँडच्या कडेला काटकोनात तुटत नाही. त्याचा उतार शेजारच्या बँडमध्ये थोडा शिरतो. ६४ बँडना ६४ ने डेसिमेट केले, की हा उतारावरचा भाग दुमडून बँडच्या आत येऊन बसतो, यालाच आपण एलियासिंग म्हणतो. फिल्टर बँकेच्या पाठ्यपुस्तकात असे शिकवले जाते की संश्लेषणाच्या टोकाला, म्हणजे बँड पुन्हा जोडताना, शेजारी बँडमधले एलियास एकमेकांना नाहीसे करतात आणि मूळ सिग्नल जसाच्या तसा परत मिळतो. ते खरेच आहे, पण त्याला एक अट आहे: मधे बँडना कोणी हात लावता कामा नये. आपण तर प्रत्येक बँडमध्ये वेगळा फिल्टर बसवून त्यातून प्रतिध्वनीचा अंदाज वजा करतो आहोत. खेरीज, माइकच्या बँडमध्ये जो एलियास आला आहे तो खोलीतून जाऊन आलेल्या सिग्नलचा आहे आणि संदर्भाच्या, म्हणजे स्पीकरला दिलेल्या सिग्नलच्या, बँडमध्ये आलेला एलियास खोलीत न गेलेल्या सिग्नलचा आहे. त्या दोहोंतले नाते त्याच बँडच्या एका फिल्टरने मांडता येत नाही, कारण दुमडून आलेली वारंवारता मुळात शेजारच्या बँडची आहे आणि तिच्यावर खोलीने केलेला परिणाम वेगळा आहे.

आंद्रे जिल्वार आणि मार्टिन वेटर्ली यांनी १९९२ मध्ये हेच गणिताने दाखवले: बँडच्या संख्येइतकेच डेसिमेशन ठेवायचे असेल, तर प्रत्येक बँडला स्वतःच्या फिल्टरखेरीज शेजारच्या बँडकडून येणारे आडवे फिल्टरही द्यावे लागतात. ते दिले नाहीत तर चुकीला एक तळ राहतो आणि त्या तळाखाली कोणताही अल्गोरिदम जाऊ शकत नाही. आडवे फिल्टर दिले तर गणन वाढते आणि शिकणेही मंदावते, म्हणून प्रत्यक्ष उपकरणांत हा मार्ग फारसा घेतला जात नाही. सुरुवातीला वेगाने उतरणारा आणि मग १०-१५ डेसिबलवर एकदम सपाट होणारा आलेख दिसला, की मी सर्वप्रथम याच कारणाचा संशय घेतो.

यावरून आरएलएस का नको हे स्पष्ट होईल. तो तळापर्यंत लवकर पोहोचेल, पण तळ तोच राहील. शिवाय त्याचे गणन टॅपसंख्येच्या वर्गाने वाढते. ३२ ने डेसिमेशन करून ३३ बँड (६४ पैकी ३३ च का, ते पुढे येते), प्रत्येकी १२८ टॅप आणि सेकंदाला ५०० वेळा हे धरले, तर निव्वळ एका वर्ग-पदासाठीच सेकंदाला २७ कोटी कॉम्प्लेक्स गुणाकार होतात, आणि तुमच्या प्रोसेसरकडे सेकंदाला १६ कोटी ८० लाख सायकलच आहेत. १२८ बँडचा उपायही याच तळाला हात लावत नाही. प्रोटोटाइप फिल्टर (ज्या एका फिल्टरवरून सगळे बँड बनतात तो) आहे तेवढ्याच लांबीचा ठेवून बँड दुप्पट केलेत, तर उताराची रुंदी हर्ट्झमध्ये तेवढीच राहते पण बँड मात्र अर्ध्या रुंदीचा होतो, म्हणजे एलियास झालेला वाटा उलट वाढतो. प्रोटोटाइपही दुप्पट लांब केलात तर वाटा तेवढाच राहतो आणि विलंब दुप्पट होतो. तुमच्या गाईडचा हेतू बँडमधला वर्णपट अधिक सपाट करण्याचा असणार, आणि त्या हेतूने ती सूचना योग्यही आहे, पण तुमची आजची अडचण ती नाही.

मी तुमच्या जागी असतो तर ६४ बँड तसेच ठेवून डेसिमेशन ३२ केले असते. याला ओव्हरसॅम्पल्ड फिल्टर बँक म्हणतात. बँडमधले अंतर २५० हर्ट्झच राहते, पण प्रत्येक बँडचा सॅम्पलिंग दर आता ५०० हर्ट्झ होतो आणि कॉम्प्लेक्स सिग्नलसाठी त्यात मध्यापासून दोन्ही बाजूंना २५० हर्ट्झ इतकी जागा असते. आपल्याला हवा असलेला भाग दोन्ही बाजूंना १२५ हर्ट्झचा आहे. म्हणजे १२५ ते २५० हर्ट्झ हा पट्टा फिल्टरला उतरायला मोकळा मिळतो, आणि तो २५० पर्यंत पुरेसा खाली आला असेल तर दुमडण्यासारखे काही उरतच नाही.

याची किंमत किती, हे तुमच्या बोर्डाच्या दृष्टीने पाहू. इनपुट वास्तव संख्यांचे असल्यामुळे ६४ पैकी ३३ बँडच चालवावे लागतात, उरलेले त्यांची प्रतिबिंबे असतात. ३३ बँड, प्रत्येकी १२८ टॅप, फिल्टरिंग आणि अपडेट मिळून प्रत्येक टॅपला दोन कॉम्प्लेक्स म्हणजे आठ वास्तव गुणाकार, आणि हे सेकंदाला ५०० वेळा: एकूण सुमारे १ कोटी ६९ लाख गुणाकार. दोन विश्लेषण बँका आणि एक संश्लेषण बँक यांचे मिळून १९-२० लाख धरा. सलग एनएलएमएसला हेच १३ कोटी १० लाख लागत होते. म्हणजे गणन साधारण सातव्या हिश्श्यावर आले. तुमच्या सध्याच्या रचनेचे गणित ४२ लाखांवर येते, त्यामुळे ती सोडवत नाही हे मी समजू शकतो, पण तुमच्याकडे मोकळ्या असलेल्या सायकल शिल्लक ठेवण्याचे बक्षीस काही नाही. स्मृतीही पुरेल: ३२ बिट फ्लोटमध्ये वेटना (फिल्टरच्या गुणांकांना) सुमारे ३४ किलोबाइट आणि जुन्या सॅम्पलना तेवढेच.

डेसिमेशन बदलले की खरे काम सुरू होते ते प्रोटोटाइप फिल्टरचे, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण माझ्या अनुभवात चांगला आणि सामान्य इको कॅन्सलर यांतला फरक बहुतेक वेळा याच एका फिल्टरने ठरलेला असतो. कायझर विंडो या फिल्टर आखण्याच्या पद्धतीचे नेहमीचे सूत्र वापरून पाहा. १६ किलोहर्ट्झला १२५ हर्ट्झचा उतार हवा असेल, तर २५६ टॅपचा प्रोटोटाइप स्टॉपबँडमध्ये, म्हणजे अडवायच्या वारंवारतांवर, साधारण ३७ डेसिबलची घट देतो. ५१२ टॅपचा प्रोटोटाइप साधारण ६५ देतो. पहिल्या नजरेला ३७ डेसिबल भरपूर वाटतात, कारण तुम्हाला ईआरएलई २५-३० च मिळवायचा आहे. पण वर सांगितलेला वर्णपटातला ३०-४० डेसिबलचा फरक इथे पुन्हा आठवा. ५०० हर्ट्झजवळच्या बलवान बँडची गळती ३७ डेसिबलने कमी होऊन ६ किलोहर्ट्झच्या बँडमध्ये पोहोचली, तर तिथे ती त्या बँडच्या स्वतःच्या सिग्नलइतकीच मोठी असू शकते. त्या बँडला मग शिकण्यासारखे काही उरत नाही, तो परक्याच आवाजावर शिकत राहतो. म्हणून स्टॉपबँडची मागणी ठरवताना हवा असलेला ईआरएलई आणि वर्णपटातला फरक या दोहोंची बेरीज डोळ्यांपुढे ठेवावी, आणि दूरच्या बँडसाठी ती जास्तच कडक धरावी. कायझरचा स्टॉपबँड दूर जाताना आणखी खाली उतरत जातो, ही या ठिकाणी त्याची जमेची बाजू आहे. आणि परिपूर्ण पुनर्रचना देणाऱ्या रचनांच्या मागे लागू नका. पुनर्रचनेत दशांश डेसिबलची लहर राहिली तर कोणाच्या कानाला कळत नाही, गळती मात्र थेट प्रतिध्वनी होऊन समोरच्याला ऐकू जाते.

५१२ टॅपच्या प्रोटोटाइपची किंमत विलंबाने मोजावी लागते. विश्लेषण आणि संश्लेषण मिळून सुमारे ५११ सॅम्पल, म्हणजे ३२ मिलिसेकंद. संभाषणासाठी एका दिशेचा एकूण विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असे आयटीयू-टी या आंतरराष्ट्रीय दूरसंचार मानक संस्थेची जी.११४ शिफारस सांगते. नेटवर्क आणि कोडेक धरूनही तुमच्या युनिटमध्ये ३२ मिलिसेकंद बसावेत. नेटवर्कच मुळात मंद असेल तर मी ३८४ टॅपवर तडजोड करीन, पण २५६ वर उतरणार नाही.

आता दोन बारकावे, जे ओव्हरसॅम्पलिंग केल्यावरच दिसू लागतात. पहिला असा की खोलीचा प्रतिसाद डेसिमेट केलेल्या बँडमध्ये पाहिला तर तो शून्य वेळेच्या आधीही थोडा पसरलेला असतो. प्रतिध्वनीचा विलंब ३२ सॅम्पलच्या पटीत नसेल तर बँडमध्ये तो अपूर्णांक-विलंब होतो, आणि अपूर्णांक-विलंबाचा प्रतिसाद दोन्ही बाजूंना शेपट्या असलेला असतो. त्यातली आधीची शेपटी कारणबद्ध फिल्टरला (जो आतापर्यंत आलेल्या सॅम्पलवरच चालतो) मांडता येत नाही. उपाय साधा आहे: माइकचा मार्ग दोन ते चार बँड-सॅम्पलने, म्हणजे ४ ते ८ मिलिसेकंदांनी उशिरा करा. अनेकदा बफरमुळे आणि हवेतल्या प्रवासामुळे (मीटरला सुमारे ३ मिलिसेकंद) हा विलंब आधीच मिळालेला असतो. मात्र स्थिर विलंब मोजून तो पूर्णपणे काढून टाकण्याची सवय काहींना असते, तसे केले तर ही जागा जाते आणि ईआरएलई काही डेसिबलने घटतो.

दुसरा बारकावा शिकण्याच्या वेगाचा आहे. ओव्हरसॅम्पल्ड बँडमध्ये १२५ हर्ट्झपलीकडे सिग्नल उतारावर असतो, म्हणजे बँडचा वर्णपट पुन्हा सपाट राहिला नाही, आणि उतारावरची लहान आयगेनमूल्ये फार हळू शिकतात. म्हणून आलेख आधी भरभर उतरतो आणि मग रांगू लागतो. यावर चांगला चालणारा उपाय म्हणजे विश्लेषणाचा फिल्टर संश्लेषणाच्या फिल्टरपेक्षा थोडा रुंद ठेवणे. मग हळू शिकणारा भाग संश्लेषणाच्या उतारावर पडतो आणि बाहेर जाताना दबून जातो. हा सपाट तळ नव्हे, आलेख उतरत असतो, फक्त सावकाश. एलियासिंगचा तळ आणि हे रांगणे यांची गल्लत करू नका, कारण दोहोंचे उपाय वेगळे आहेत.

एवढे सगळे नीट केल्यावरही तुम्हाला ४० डेसिबल मिळणार नाहीत, आणि त्याचे कारण खोली आहे. सोसायटीची कार्यालये मी बरीच पाहिली आहेत: व्हिट्रिफाइड टाइलची फरशी, उघड्या गिलाव्याच्या भिंती, लोखंडी कपाट, सनमायकाचे टेबल, पडदे नाहीत, गालिचा नाही. अशा खोलीत आवाज ६० डेसिबलने उतरायला ०.६ सेकंद किंवा अधिक वेळ लागणे अगदी स्वाभाविक आहे. तुमचा फिल्टर २५६ मिलिसेकंदांचा आहे. त्या क्षणापर्यंत निनाद ६० गुणिले ०.२५६ भागिले ०.६, म्हणजे साधारण २६ डेसिबलच उतरलेला असतो, आणि त्यानंतरची शेपटी फिल्टरच्या आवाक्याबाहेरच राहते. म्हणजे तुमची कमाल मर्यादा २६ च्या आसपास, आणि निनाद ०.८ सेकंदांचा असेल तर १९ च्या आसपास. थेट आवाजाचा वाटा मोठा असेल तर यात थोडी भर पडते. म्हणून आधी त्या खोलीचा निनाद मोजा, फुगा फोडून केलेले ध्वनिमुद्रणही या कामाला पुरते. सबबँडची एक सोय इथे वापरता येते: वरच्या वारंवारता खोलीत लवकर विरतात, त्यामुळे ४ किलोहर्ट्झच्या वरच्या बँडना ६४ टॅप देऊन वाचलेली जागा २ किलोहर्ट्झच्या खालच्या बँडना देता येते. उरलेली शेपटी पुढच्या टप्प्यात रेसिड्युअल इको सप्रेसरने दाबायची असते.

चाचण्यांचा क्रम मी असा ठेवीन. प्रथम ॲडाप्टिव्ह (शिकणारा) भाग पूर्ण बंद करून नुसती फिल्टर बँक चालवा आणि आत-बाहेरचा फरक मोजा. मग खोलीच्या जागी १००० सॅम्पलचा शुद्ध विलंब ठेवा, इनपुट व्हाइट नॉइज, दुसरा कोणताही आवाज नाही. १००० ला ३२ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून तो मुद्दाम निवडला आहे. या चाचणीत खोली नाही, बोलणे नाही, स्पीकर नाही, त्यामुळे जो तळ दिसेल तो निव्वळ फिल्टर बँकेचा असेल. तुमच्या सध्याच्या ६४-६४ रचनेवर ही चाचणी आजच करा. इथेही आलेख १२-१५ वर थांबला तर माझे निदान बरोबर. तो ३०-४० पर्यंत गेला तर मात्र मी सांगतो ते कारण नाही आणि तुम्हाला स्पीकर, घड्याळ किंवा खोली यांकडे पाहावे लागेल. त्यानंतर मोजलेल्या खोली-प्रतिसादावर व्हाइट नॉइज, मग त्याच प्रतिसादावर बोलणे, आणि सर्वांत शेवटी प्रत्यक्ष खोली. प्रत्येक टप्प्यावर ईआरएलई एकूण न काढता बँडनिहाय काढा. एकूण आकड्यावर खालच्या बँडचीच सत्ता असते आणि वरचे बँड पूर्ण बिघडलेले असले तरी तो चांगला दिसू शकतो.

प्रत्यक्ष खोलीत गेल्यावर हार्डवेअर आड येते. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेला छोटा स्पीकर आणि ॲम्प्लिफायर मोठ्या आवाजावर चालवला तर तो आवाज वाकवतो, आणि वाकलेला भाग कोणत्याही रेषीय फिल्टरच्या कक्षेत येत नाही. आवाज ६ डेसिबलने कमी करून ईआरएलई वाढतो का ते पाहा, वाढला तर दोष स्पीकरचा. माइक आणि स्पीकर एकाच घड्याळावर चालतात याचीही खात्री करा. दोन वेगळ्या क्रिस्टलमध्ये ५० पीपीएमचा (दहा लाखांत ५०) फरक असेल तर दर सेकंदाला ०.८ सॅम्पल सरकतो, मिनिटाला ४८, आणि फिल्टर आयुष्यभर त्याचा पाठलाग करत राहतो. छताचा पंखा बंद करून आणि चालू ठेवून, दोन्ही प्रकारे मोजा. पंख्याचा आवाज खालच्या बँडमध्ये भरतो आणि फिरती पाती परावर्तनेही बदलत राहतात.

शिकण्याच्या नियमाबद्दल थोडक्यात. प्रत्येक बँडचा रेग्युलरायझेशन स्थिरांक (नॉर्मलाइज करतानाचा भाजक फार लहान होऊ न देणारी भर) वेगळा ठेवा आणि तो त्या बँडच्या पार्श्व-गोंगाटाशी जोडा. समोरून येणाऱ्या सिग्नलची त्या बँडमधली ऊर्जा गोंगाटाच्या वर नसेल तेव्हा त्या बँडचे शिकणे थांबवा. हे वरच्या बँडसाठी विशेष महत्त्वाचे, कारण बोलण्यात त्यांना खरी ऊर्जा ‘श’, ‘स’, ‘छ’ अशा वर्णांच्या वेळीच मिळते, आणि मधल्या वेळेत ते गोंगाटावर शिकत राहिले तर मिळवलेले घालवून बसतात. दोघे एकाच वेळी बोलत असताना शिकणे थांबवण्याचा निर्णय बँडनिहाय घ्यावा, पण त्यावर एक एकत्रित निर्णयही असावा, नाहीतर काही बँड चुकून चालू राहतात. गणन फिक्स्ड-पॉइंटमध्ये करणार असाल तर वरच्या बँडमधले सिग्नल १६ बिटमध्ये शेवटच्या काही बिटांतच उरतात हे लक्षात घ्या. तुमच्या प्रोसेसरमध्ये फ्लोटिंग-पॉइंट युनिट असेल तर प्रकल्पाच्या मुदतीत फ्लोटच वापरा.

सबबँड ही एकच वाट नाही, हेही सांगायला हवे. तुमच्या जागी कोणी मोटारीच्या केबिनमधला गोंगाट विरोधी आवाजाने कमी करण्याचे काम करत असता, आणि पुण्यात वाहन उद्योगामुळे असे विचारणारे बरेच भेटतात, तर मी ही रचना सुचवली नसती. तिथे गोंगाट कानापर्यंत काही मिलिसेकंदांतच पोहोचतो, ३२ मिलिसेकंद उशिरा निघालेला विरोधी आवाज निरुपयोगी. त्या कामासाठी मॉर्गन आणि थी यांनी १९९५ मध्ये मांडलेली विलंबरहित रचना योग्य: वेट बँडमध्ये शिकायचे, पण ते सलग फिल्टरमध्ये रूपांतरित करून सिग्नल त्या सलग फिल्टरमधूनच न्यायचा. तिथे गणनाची बचत कमी होते. गणन मुबलक असेल आणि अडचण फक्त बोलण्यावर हळू शिकण्याची असेल, तर ली आणि गान यांचा २००४ चा नॉर्मलाइज्ड सबबँड फिल्टर पाहावा. त्यात वेट सलग असतात, बँड फक्त अपडेट ठरवतात, त्यामुळे वर सांगितलेला एलियासिंगचा तळ उद्भवत नाही. आणि पार्टिशन केलेला ब्लॉक-एफएफटी फिल्टर तर स्पीएक्स या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या इको कॅन्सलरमध्ये वापरलेलाच आहे, त्यात ओव्हरलॅप-सेव्हमुळे (तुकडे एकमेकांवर चढवून घेण्याच्या पद्धतीमुळे) एलियासिंगचा प्रश्नच येत नाही. केवळ प्रतिध्वनी काढायचा असता तर मी तुम्हाला तोच सुचवण्याचा गंभीरपणे विचार केला असता. पण तुम्ही पुढे गोंगाट कमी करणे आणि दोन माइकचे बीमफॉर्मिंग (हव्या त्या दिशेचाच आवाज उचलणे) जोडणार असे लिहिले आहे. या तिन्ही कामांना एकच फिल्टर बँक वापरता येते, विलंब एकदाच मोजावा लागतो, आणि म्हणून तुमच्या बाबतीत सबबँडच्या बाजूने माझा कौल आहे.

शुद्ध विलंबाच्या चाचणीचे बँडनिहाय आलेख, आणि सध्याच्या प्रोटोटाइप फिल्टरचा डेसिबलमधला वारंवारता-प्रतिसाद, एवढे दोन आलेख इथे टाकलेत तर तुमच्या १२ डेसिबलपैकी किती भाग डेसिमेशनचा आहे आणि किती स्टॉपबँडचा, हे बऱ्यापैकी वेगळे करून सांगता येईल.